रिकामं वजन

तिसरा गिअर सुटतो.
मारेगावच्या अलीकडचा चढ लागला
की दांडा आपोआप मधल्यात येतो,
इंजिन नुसतंच बोंबलतं,
आणि लहानू सायकलच्या ट्यूबनं बांधलेला तो दांडा
मांडीनं दाबून धरतो.
उन्हाळाभर असाच दाबत आला.
पँटीला तिथं भोक पडलंय.

गनी मिस्त्रीनं खोका उतरवला,
तुराटीच्या काडीनं तेल ढवळलं.
काळ्या तेलात चांदी चमकली.
"दात खाल्ले वो ताई इनं आपलेच,"
आणि चुरा बोटावर घेऊन माझ्यापुढं धरला,
सोनार धरतो तसा.

लेशाफ्ट, दोन बेअरिंगं, तिसऱ्याचा सिंक्रो,
मजुरी धरून बेचाळीस हजार.
नागपूरहून भंगारातला अख्खा खोका आणला तर सव्वीस.
हमी?
"माह्या दुकानाच्या पायरीवरोक."
आणखी एक भाव न विचारता आला:
वडकीच्या भंगारवाल्यानं मोटरसायकल थांबवली,
टायरला लाथ घालून पाहिली, म्हणाला,
किलोवर घेतो. लाकूड सोडून.

मी जिनिंगच्या काट्यावर बसते, अकरा वर्षं झाली.
भरून आलेली गाडी, रिकामी गेलेली गाडी,
मधला फरक म्हणजे माल.
त्यापलीकडं मला कोणी काही विचारत नाही.
आमच्या गाडीच्या पावत्या तेवढ्या मी घरी आणत गेले,
बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले.
रात्री डबा उपडा केला.
मालाचे आकडे सोडून दिले.
रिकाम्या वजनाचे तेवढे पाहत बसले.

पहिल्या पावतीवर पाच हजार एकशे चाळीस.
पुढच्या वर्षी चाळीस किलो जास्त:
फाळका तुटला होता, सागाचा परवडला नाही,
बाभळीचा ठोकला.
मग आणखी पन्नास. चेसिसला पट्टी, केबिनच्या तळाला पत्रा,
वर रंगाचे किती हात, देव जाणे.
गाडी म्हातारी होताना वाळत नाही,
डागडुजीनं जड होत जाते.

मग एका दिवाळीत एकदम नव्वद किलो कमी.
माझं गणित अडलं.
काटा तपासून झाला होता त्याच महिन्यात, शिक्क्यासकट.
डिझेल? एवढं नाही.
चहा ठेवला, उतू गेला, तेव्हा आठवलं.
स्टेपनी. रिमसकट.
करंजीच्या ढाब्यावरून चोरीला गेली म्हणाले होते,
आणि त्याच आठवड्यात
सुकेशिनीच्या नर्सिंगचा पहिला हप्ता भरला होता,
पुसदच्या कुठल्याशा मित्राच्या नावावर.

हे बाजेवर पडले होते, पाठीला पट्टा बांधून.
पावती डोळ्यांपुढं धरली.
चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
"काटा बिघडला असंन तुवा."
"माहा काटा नाई बिघडत," मी म्हटलं.
मग ते भिंतीकडं तोंड करून हसले,
पाठ दुखेपर्यंत.

भंगारवाल्याला विकली
तर गाडी माझ्याच काट्यावर येणार.
भरलेलं किती, रिकामं किती,
आणि माल या रकान्यात
मी काय लिहू?

सकाळी गनीला फोन केला.
लेशाफ्ट नवा टाका, बेअरिंगं नवी.
सिंक्रो जुना घासून चालेल का?
"चालंन. हंगामभर. पुढचं नाई सांगत."
हंगामभरच पाह्यजे, म्हटलं.
पुढचं मीबी नाही सांगत कोणाला.
त्यानं सदतीस म्हटलं, मी बत्तीस,
मधे बराच वेळ नुसता ऐरणीचा आवाज येत राहिला.
चौतीसवर थांबलो.

पावतीच्या पाठीमागं सगळं मांडलं,
तेलाचे वेगळे, क्रेनचे वेगळे.
खाली जागा उरली होती बोटभर.
तिथं पेन्सिलीनं लिहिलं:
लहानूला पँट.